इसार

15 ऑक्टोबर 2025, बुधवार. भिलाई

संध्याकाळी सहाला पहिला सुतळी बॉम्ब. कुठल्या गल्लीत ते मला कळलं नाही. डावा कान आता शोभेपुरता. मीशाला कळलं. न्हाणीघरात बादलीमागे जाऊन बसला, तो अकराला बाहेर आला. पोळी तशीच.

दिवाळीला अजून पाच दिवस.

घराचा इसार आला. खरेदीखत 3 नोव्हेंबरला. घेणारा माणूस नीट वाटतो. त्याची बायको टेपने ओटा मोजत होती. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, किंमत चांगली आली. आली असेल.

16 ऑक्टोबर

मीशाला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. वजन 19 किलो. ठोके मधेच अडखळतात. बारा वर्षांच्या कुत्र्याचे अडखळायचेच, म्हणाले. भिंतीवर तक्ता होता: माणसाला 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांपर्यंत. त्या तक्त्याखाली बाकावर आम्ही दोघं, नंबर यायची वाट बघत.

फटाक्यांसाठी अर्धी अर्धी गोळी दिली. विचारलं, भीती जाईल? म्हणाले, झोप येईल.

गोळ्या खिशात आहेत. द्याव्याशा वाटत नाहीत.

रेल मिलमधल्या जुन्या सोबत्याने बालोदकडचा नंबर दिला. दाऊजी आहेत एक. शेती, गाई, बियाऱ्यामागे म्हणजे खळ्यामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या. फोन लावला. कुत्रा चालेल का? हसले. "कुत्ते से पूछिए, उसको हम चलेंगे क्या." सातशे रुपये रोज, जेवण धरून. कुत्र्याचे काही नाही.

हिला पुण्याला फोनवर सांगितलं, फटाक्यांपायी नेतोय. खोटं नाही ते.

17 ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

साडेसहाला निघालो. मागच्या सीटवर जुनी गोधडी टाकली. दुर्ग संपेस्तोवर मीशा उभाच. गुंडरदेहीला चहा. तिथून पुढे झोपला.

दोन्ही बाजूंना धान पिवळं. हलकं धान कापून झालंय, भारी उभं आहे. ओंब्यांच्या वजनाने वाकलेलं.

खोली बरी. वर कवेलू, खाली शेणाने सारवलेलं. खिडकी बियाऱ्याकडे. पैऱ्याचा वास खोलीभर. धानाच्या तणसाला इथे पैरा म्हणतात. मीशाने चारही कोपरे हुंगले आणि पलंगाखाली न जाता दारात बसला. हे मी लक्षात ठेवलं.

दाऊजींची नात, सहा-सात वर्षांची. नाव काय याचं? मीशा. "मेंछा?" ओढणी तोंडात कोंबून हसत सुटली. आमच्या नागपूरच्या मंडळींनाही सांगून थकलो, मिशा नव्हे हो, मीशा. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकचं अस्वल. 2013 च्या पावसात हिला शाळेच्या नळाखाली सापडला तेव्हा तसाच गोल होता. बाबा रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली शिकलेले. आमच्या घरात तीनच रशियन शब्द: स्पासिबा, खराशो, मीशा. आता मिशाच म्हटलेलं बरं. सगळ्या पांढऱ्या झाल्यात.

वासरू बघायला गेला. नाकाला नाक. वासरू दचकलं, हा नाही.

रात्री नऊ. एकही फटाका नाही. लांबून मालगाडी गेली. दल्ली-राजहराचं लोहखनिज, भिलाईला चाललेलं. मला ऐकू आली म्हणजे बरीच जड असणार.

18 ऑक्टोबर. धनत्रयोदशी

मीशा रात्रभर एका कुशीवर झोपला. कितीक दिवसांनी.

सकाळी तळ्यापर्यंत फिरायला. धुऱ्यावरून चालायचं, एका वेळी एकच पाऊल मावेल इतका धुरा. मीशा पुढे, मी मागे. मधेच थांबून वळून बघतो. मी दिसलो की पुढे. भिलाईत हे बघणं बंद झालं होतं. साखळी असते ना.

तळ्यावर बायका धुणं धूत होत्या. एकीने विचारलं, "तोर कुकुर भूंकय नइ का?" म्हटलं, भुंकत नाही, ऐकतो.

दुपारी गाडीने तांदुला धरण. 1921 चं बांधकाम. मातीचा लांबच लांब बांध, पलीकडचा काठ दिसेना इतकं पाणी. तांदुला आणि सुखा, दोन नद्या अडवल्या आहेत. शेतीसाठी बांधलेलं धरण, पुढे भिलाईचा पोलाद कारखाना आला तेव्हा त्याचीही तहान इथूनच. कालव्याने पाणी मरोद्याच्या तलावात, तिथून पुढे. रुळाचा लाल बार पाटावरून यायचा, त्याच्या मशिनींना थंड ठेवणारं पाणी ते हेच, हे नोकरीभर डोक्यात आलं नाही. मीशा काठाशी जाऊन प्यायला. थेट उगमाशी.

बांधावर आइस्क्रीमवाला, दोन जोडपी, एक म्हातारा गळ टाकून. कुणी हाड म्हटलं नाही.

हिचा फोन. नातू रात्री दोनदा उठला. नेब्युलायझर लावलं. "तुमचं काय ठरलं?" बघतो म्हटलं. "बघतो बघतो करत दिवाळी होईल."

दाऊजींना अजून विचारलं नाही.

चकल्यांचं पुण्याचं कुरियर निघायच्या आदल्या दिवशी आलं होतं. डबा आज उघडला. निम्म्या तुटक्या. तुकडे मीशाचे.

19 ऑक्टोबर, रविवार

खपरीला चालत गेलो. पाऊण तासाची वाट. मीशाच्या चालीने सव्वा तास.

कुकुरदेव. भिलाईत जन्म काढला, नाव ऐकून होतो, आलो कधी नव्हतो. बालोदपासून सहा-सात किलोमीटर. शेंदूर फासलेला एखादा दगड असेल असं धरून चाललो होतो. चांगलं दगडी देऊळ आहे, चौदाव्या-पंधराव्या शतकातलं, फणी नागवंशी राजांच्या वेळचं. दाराच्या दोन्ही अंगांना दोन कुत्रे. गाभाऱ्यात महादेवाची पिंड आणि तिच्या बाजूला पुन्हा कुत्रा. पुढे नारळ, अगरबत्त्या.

मीशाला घेऊन फाटकाशीच थांबलो. नारळवाला म्हणाला, आणा की आत. इथे नाही तर कुठे. तरी नेलं नाही. झाडाला बांधून मी एकटा गेलो.

गोष्ट त्यानेच सांगितली. बाहेर पाटीवरही आहे. बंजारा होता, मालीघोरी नावाचा. त्याच्यावरूनच शेजारच्या मालीघोरी गावाचं नाव. दुष्काळ पडला, सावकाराचं कर्ज झालं, फेडायला काही नाही. जवळचा कुत्रा गहाण ठेवला. पुढे सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात लपवला तो कुत्र्याने पाहिला. सकाळी सावकाराचं धोतर धरून ओढत तळ्यावर नेलं. माल मिळाला. सावकाराने सगळी हकीकत कागदावर लिहिली, कर्ज फिटलं असं लिहिलं, कागद कुत्र्याच्या गळ्यात बांधला, जा म्हणाला तुझ्या मालकाकडे. बंजाऱ्याने लांबून बघितलं, कुत्रा येतोय. वाटलं, पळून आला, माझा शब्द मोडला. काठी घातली डोक्यात. मग कागद दिसला.

तिथेच पुरलं. त्यावर हे देऊळ.

येताना वाटभर तेच. कागद गळ्यातच होता ना. काठी उचलायच्या आधी दिसला कसा नाही. आणि गोष्टीत सावकार चांगला निघतो. हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

रायगडावरचा वाघ्या आठवला. त्याच्यावरून आपल्याकडे माणसं भांडतात. इथे नारळ फोडतात आणि घरी जातात.

लोक दोन गोष्टींसाठी येतात. कुत्रा चावला तर (आधी इंजेक्शन घ्यावं बाबांनो, मग यावं), आणि कुकुर खांसीसाठी. कुकुर खांसी म्हणजे आपला डांग्या खोकला. हिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग बोला ना नवस बाळासाठी! देवळात उभे राहून मला काय सांगता?" बाळाला डांग्या नाही, दमा आहे, म्हटलं. "खोकलाच ना शेवटी."

कुत्र्याच्या केसांनी खोकला होतो म्हणून सांगितलेलं पोर. त्याच्या खोकल्यासाठी कुत्र्याला नवस. हे हिला बोललो नाही. नवस बोललो. काय ते लिहीत नाही.

दाऊजींना आज विचारायचं होतं. ओसरीत बसलेही होते. त्या देवळातून आल्या आल्या कसं विचारणार.

रात्री मीशाच्या बोटांच्या बेचक्यांतून कुसळं काढली. अकरा निघाली. पंजा माझ्या हातात सोडून देतो, डोळे मिटतो. कुसळ निघालं की पंजा एकदा झटकतो, परत देतो.

20 ऑक्टोबर. नरक चतुर्दशी

चार वाजता उठून आंघोळ. उटणं आणायचं विसरलो. दाऊजींच्या सुनेने हळद आणि बेसन कालवून दिलं. बंबाला धानाचा कोंडा घालतात, धूर फार.

नेपाळात आज कुकुर तिहार. हुडको कॉलनीचा आमचा गुरखा दरवर्षी या दिवशी मीशाला टिळा लावून झेंडूची माळ घालायचा. यंदा मीशा तिथे नाही. कुकुर शब्द नेपाळपासून इथवर एकच. परसात झेंडू होता. चार फुलं दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. एक त्याने खाल्लं.

कालनिर्णयात लक्ष्मीपूजन उद्या, 21 ला. इथे सगळे आजच करतात. म्हणजे फटाकेही दोन दिवस.

सूनबाईंनी चौक पुरला. फरे केले, तांदळाच्या पिठाचे, वाफवून. मोदकाची उकड ज्यांना जमते त्यांना हेही जमेल. मी पाच खाल्ले.

दुपारी विचारलं.

नीट विचारता आलं नाही. म्हटलं, दाऊजी, मीशा इथे रमलाय. म्हणाले, हो. म्हटलं, आम्ही पुढच्या महिन्यात पुण्याला. फ्लॅट सातव्या मजल्यावर. नातवाला त्रास होतो. ते बिडी ओढत बसले. मी खायचे-प्यायचे महिन्याला दोन हजार म्हणालो. "दो तो पहले से हैं," म्हणाले. त्यांचे दोन, कबरी आणि काळू. "तीसरा कौन-सा भारी होगा. पैसा-वैसा मत बोलिए." मग जरा वेळाने, "पर ये आपको छोड़ के खाएगा?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. करून बघू म्हटलं. एक रात्र.

संध्याकाळी गावात सुवा नाचणाऱ्या बायका आल्या. टोपलीत मातीचा पोपट, भोवती वाकून टाळ्या. नंतर फटाके. भिलाईच्या दहावा हिस्सा, पण फटाके. मीशा पलंगाखाली. गोळी दिली नाही. मीही खाली, जमिनीवर. जीभ बाहेर, छाती धडधडते ती हाताला लागते. डावा कान वर करून झोपलो, उजवा उशीत. मला कळेना कधी फुटतात. त्याच्या पाठीवरून कळायचं.

गौरा-गौरीची मिरवणूक निघाली रात्री उशिरा. गडवा बाजा दारावरून गेला. फटाक्यांपेक्षा मोठा आवाज, अगदी अंगणात. मीशा उठला, दारात जाऊन बघत बसला. शेपूट हलवली.

का, ते त्यालाच माहीत.

21 ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन (आपलं)

सकाळी तळ्यावर गौरा-गौरी शिरवल्या. मीशाला नेलं नाही. सवय व्हायला हवी.

अकराला निघालो. मीशाला कबरी-काळूबरोबर बियाऱ्यात सोडलं. गाडीचं दार उघडल्याबरोबर आला. बैस म्हटलं. बसला. आरशात बघितलं नाही.

बघितलं.

भिलाई. घरात आवाज घुमतो. निम्मं सामान गेलेलं. लक्ष्मीपूजन केलं. लाह्या-बत्तासे, केरसुणी, इसाराच्या चेकची झेरॉक्स. ती कशाला ठेवली कोण जाणे. पणत्या सात लावल्या, दरवर्षी पंचवीस.

शेजारचे विचारत होते, मीशा? गावाकडे आहे म्हटलं. गावाकडे. जसं आमचं गाव आहे तिथे.

आठ ते दहा एवढीच परवानगी असते म्हणे. बारापर्यंत चाललं. या कानानेही ऐकू आले. न्हाणीघरात बादलीमागे बघून आलो.

दाऊजींना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

22 ऑक्टोबर. पाडवा

पावणेसातला हिचा फोन. मला वाटलं पाडव्याचा.

"अहो, मीशा कुठे आहे?"
"दाऊजींकडे."
"आणि तुम्ही?"

गप्प राहिलो.

"मला एका शेतकऱ्याचा फोन आलाय. गुंडरदेहीच्या रस्त्यावरून. त्यांच्या बियाऱ्यात बसलाय. तुम्ही त्याला एकट्याला ठेवून आलात?"

बिल्ला. विसरलोच होतो. पितळेचा तुकडा, कारखान्यातल्या एका सोबत्याने गोल कापून दिलेला, आकडे छिन्नीने एकेक ठोकलेले. ड्यूटीवर माझा फोन लॉकरमध्ये असायचा म्हणून नंबर हिचा घातला होता. आता शेवटचा 7 झिजून 1 झालाय. त्या माणसाने आधी 1 लावला. कुणी उचलून शिव्या दिल्या. मग 7 लावून बघितला.

साडेआठला पोचलो. बालोदच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच बियारा. दाऊजींच्या शेतापासून तो नंतर गाडीच्या काट्यावर मोजला. अकरा किलोमीटर.

पैऱ्याच्या ढिगावर बसला होता. मला बघितलं. उठला नाही. मी हाक मारली. कान हलले. उठला नाही. मी जाऊन शेजारी पैऱ्यावर बसलो. बराच वेळ तसेच. मग त्याने हनुवटी माझ्या बुटावर ठेवली. बुटावर, मांडीवर नाही.

पुढच्या उजव्या पंजाची गादी सोलली आहे. एक नख मुळाशी मोडलंय, रक्त वाळलेलं. झेंडूच्या माळेचा दोरा गळ्यात होता, फुलं नव्हती.

शेतकऱ्याने बासी आणि दूध दिलं होतं. वाडगं चाटून स्वच्छ. पैसे घेईना. हिच्याबद्दल म्हणाला, "बाई बने गोठियाथे." अर्धा तास छत्तीसगढीत बोलत होती म्हणे त्याच्याशी. वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, बोलणारच. माझ्याशी तीन वाक्यं.

दाऊजींकडे परत आलो तर तिकडे गोवर्धनपूजा. राऊत आला, दोहा म्हणत गाईंच्या गळ्यात सोहई बांधली. पळसाच्या मुळांची असते, पांढरी, हाताने विणलेली. पोरं म्हणाली, कुकुरालाही बांध. "गरवा बर आय," म्हणाला. बरोबर आहे. ज्याचं त्याला.

दाऊजी रात्रभर टॉर्च घेऊन फिरले होते. संध्याकाळपर्यंत बसून होता फाटकाशी, म्हणाले. साडेसातला कुणी तरी लड लावली, त्यानंतर दिसला नाही. फोन केला नाही कारण लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाने हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाऊजी म्हणतात, फटाक्याने पळाला. सूनबाई म्हणतात, तुमच्या मागे निघाला, नाही तर दुर्गच्याच रस्त्याला कसा लागेल? नात म्हणते, त्याला शू लागली होती.

23 ऑक्टोबर. भाऊबीज

पंजा मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून, हळद, जुन्या धोतराची पट्टी. पट्टी दोनदा काढून टाकली. तिसऱ्यांदा मोजा घातला माझा. तो ठेवला.

फिरणं बंद.

बहिणीचा नागपूरहून फोन. ओवाळायला आला नाहीस. पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मी पुण्यात, ती नागपूरला. तेव्हाही फोनच.

गावात मातर. लाठ्या घेऊन राऊत नाचत होते. मी गेलो नाही. दारात खुर्ची टाकून बसलो. माझा मोजा घातलेला पंजा पुढे करून मीशा शेजारी.

24 ऑक्टोबर

हिने फोन केला. "मी काही बोलणार नाही," म्हणाली आणि चाळीस मिनिटं बोलली.

ते सगळं लिहायचं नाही. एक लिहितो. "मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीत."

खरं आहे.

25 ऑक्टोबर, शनिवार

पहाटे धुकं. धानावर दहिवर. बियाऱ्यात कापणीचे भारे यायला लागले. आता मळणी हार्वेस्टरने शेतातच होते, पण दाऊजी घरच्यापुरतं धान अजून बियाऱ्यात मळतात. पैरा चांगला निघतो म्हणतात, गाईंना.

मीशा लंगडत भाऱ्यांपर्यंत गेला आणि आला. वीस पावलं.

खिशातल्या गोळ्या सापडल्या. धुऱ्यावर फेकणार होतो. कुणी खाईल म्हणून परत खिशात.

संध्याकाळी हिचा फोन. बाळ कालपासून पुन्हा खोकतोय. पुण्यात फटाक्यांचा धूर, शेजारी बांधकाम. "घरात कुत्रा नाही, मांजर नाही, गालिचासुद्धा काढला," म्हणाली. मग दोघंही गप्प. तिकडे खोकला ऐकू येत होता. या कानानेही.

मग म्हणाली, "तुम्ही तिकडे जेवता काय?"

26 ऑक्टोबर

करकाभाटला जाऊन आलो, धमतरीच्या रस्त्याला. मीशा मागच्या सीटवर. माळावर उभे केलेले दगड, कुठे एकटे, कुठे घोळक्याने. महापाषाण काळातल्या कबरी. हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी आपलं माणूस पुरलं, वर दगड उभा केला, निघून गेलं. नाव नाही, गोष्ट नाही. कुकुरदेवाची गोष्ट तरी राहिली. आडोसा बघून मीशाने एका दगडापाशी पाय वर केला. त्याला दुसरीकडे नेलं. पुरातत्त्वखात्याची पाटी होती.

मोडक्या नखाचा पंजा टेकवतो आता.

येताना खपरीवरून आलो. फाटकाशी गाडी थांबवली. नारळवाल्याने ओळखलं. या वेळी मीशाला आत नेलं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहिला. आतल्या कुत्र्याकडे बघितलंही नाही. पुजाऱ्याच्या पिशवीत पोळी होती.

रात्री दाऊजींशेजारी बसलो. म्हटलं, दाऊजी, महिन्याचं काय घ्याल?

"आदमी के, के कुकुर के?"

दोघांचं, म्हटलं.

बिडी विझली होती त्यांची. पेटवली. म्हणाले, जानेवारीत थंडी फार पडते, खिडकीला पल्ला लावून घ्यावा लागेल. आकडा सांगितला नाही.

27 ऑक्टोबर, सोमवार

5 तारखेचं आझाद हिंदचं तिकीट रद्द केलं. थ्री एसीचे 180 कापले, वर जीएसटी.

मुलाला मेसेज केला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. मीटिंगमध्ये असेल.

हिने दाऊजींच्या सूनबाईंचा नंबर मागून घेतला. तासभर दोघींचं काय चाललं होतं मला ऐकू येईना. सूनबाई हसत होत्या. नंतर मला म्हणाली, "पल्ला सागवानी नको, बाभळीचा चालेल. संक्रांतीला येऊन बघते मी." कशाला येणार ते बोलली नाही.

खरेदीखत 3 तारखेलाच. इसार घेतलाय, त्यात बदल नाही.

भिलाईहून आणायचं: स्वेटर दोन. बी.पी.च्या गोळ्या. वीजबिल भरायचं राहिलंय. प्रेशर कुकर नको म्हणाल्या सूनबाई, आहे. सुपेल्याच्या बाजारात चावीवाला बसतो, त्याच्याकडून बिल्ल्यावरचा शेवटचा 7 पुन्हा ठोकून घ्यायचा.